रुक्माचं बोट

बस जरा. हे मी मालकालेही सांगितलं नाही, लेकीलेही नाही. तुलेच पहिल्यांदा सांगून राह्यले.

परसात यंदा दोडक्याचा वेल आला — बी मी टोचलंच नव्हतं. होळीनंतर मोरीजवळ आपोआप उगवला, चैत्रात मांडवावर चढला. आमच्या मोताळ्याकडं वैशाखात बांधावरचं गवतसुद्धा जळते, अन् हा हिरवागार! नळाले पाणी येते तर येते. मी तर त्याले तांब्याभरही घालत नाही. मग कोण घालते?

त्याच जागी, मी सून असताना, सासूबाईचा वेल होता. पोटच्या लेकरासारखा जपत. कोवळ्या दोडक्याले सरळ बोट दाखवलं की तो सडते, म्हणून बोट मुडपून दाखवायचं — तुमच्याकडंही असंच असंन.

अन् मी... कसं सांगू? कपडे उकळलेलं सोड्याचं पाणी, कढत कढत, वेलाच्या आळ्यात ओतलं. मोरी तुंबली होती, दूर जायचा कंटाळा केला. दुसरं काहीच नाही. संध्याकाळी वेलानं मान टाकली.

“काऊन वं, कोणं केलं हे?” सासूबाई कडाडल्या.

रुक्मा, माझी धाकटी जाऊ, तिथंच उभी होती. नवी नवरी, हसरी. सकाळीच तिनं मले हौसेनं एक दोडका दाखवला होता — बोट मुडपूनच. मी डोळ्यानं पाह्यलं होतं ना! तरी तोंडून निघालं, “रुक्मानं सरळ बोट दाखवलं.”

“नाही वं बाई, मुडपलं होतं! तुम्ही पाह्यलं ना?”

मी खाली मान घालून भांडे घासत राह्यले.

मग ते गावभर झालं. बाळंतिणीच्या खोलीत तिले कोणी येऊ देईना. कोणाचं लेकरू तापानं फणफणलं की रुक्माचं बोट. हळूहळू ती उजवी मूठ मिटूनच राहू लागली. शेतात गवत निंदायची डाव्या हातानं, जेवायची डाव्या हातानं. एका शब्दानं मी ती मूठ उघडू शकत होते — नाही का?

गेल्या पौषात ती गेली. तिले आंघोळ मीच घातली. मूठ उघडायले गेले — उघडेना. लय ओढली. तशीच नेली तिले.

अन् होळीनंतर हा वेल.

रोज सकाळी मी मांडवाखाली जाते. एकेका कोवळ्या दोडक्याले बोट दाखवते — ताठ, सरळ.

एकही सडत नाही.