भिंती नसलेल्या घराचे दार

बाळ नवव्या दिवशी गेले. बारशासाठी मधल्या खोलीच्या तुळईला टांगलेला पाळणा यजमानांनी उतरवला. वरच्या कड्या मात्र तशाच राहिल्या. त्यानंतर बारामतीच्या त्या घरात दुपार कलली की रिकाम्या कड्या कुरकुरू लागत. मी खोलीला कुलूप लावले आणि प्रवासाला निघाले.

तीन वर्षे फिरत होते. गोकर्णात समुद्राच्या गाजेखालून, हरिद्वारच्या धर्मशाळेत दोन घंटांच्या मधल्या शांततेतून तोच आवाज आला. तिथल्या छताला कडी नव्हती. खुर्चीवर चढून मी हाताने चाचपून पाहिले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा तो मे महिना. भिगवणहून संध्याकाळच्या गाडीने पुन्हा दक्षिणेकडे जायचे, म्हणून सकाळीच आत्याकडे उतरले. तिचे जुने गाव उजनीच्या पाण्यात गेलेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव वर येई, आणि आत्या हळदकुंकू घेऊन आपल्या उंबऱ्याला भेटायला जाई. त्या दुपारी तिने मलाही नेले.

भेगाळलेल्या गाळात शिंपले पायाखाली मोडत होते. हवेला ओल्या राखेचा आणि माशांचा वास होता. घराचा दगडी उंबरा तेवढा उरला होता. आत्या तो ओलांडून चुलीच्या जागी बसली. मी बाजूने सरळ तिच्याकडे निघाले.

"अगं, भिताडातनं काय येतीस भुतावानी? दारातनं ये की!"

"आत्या, भिंत आहे कुठं?"

"तुला दिसत न्हाय म्हून न्हाय व्हय? माज्या हातानं सारवलीय."

मी मागे फिरले, उंबरा ओलांडला. डोक्यावर लखलखीत ऊन असताना अंगावर छपराखालचा गारवा उतरला.

आत्याने डोळे मिटले. तिची मान संथ लयीत डोलू लागली. कुणी तरी मांडीवर असावे तशी. मला काहीच ऐकू येत नव्हते.

"माजं बी एक हितंच ऱ्हायलंय," ती म्हणाली.

"भीती नाही वाटत?"

"पयल्या उन्हाळ्यात वाटली. अशी पळाले, चपला हितंच! आमचं मालक म्हणलं, फुडल्या साली चपला आणाया तरी जा." ती हसली, मग डोळे उघडून तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "तुज्या खोलीला अजून कुलूपच हाय?"

"हो."

"मग ते तरी काय करंल, पोरी? तुज्या मागनंच हिंडणार."

संध्याकाळी पाण्यापलीकडून गाडीची शिट्टी ऐकली, तेव्हा मी बारामतीच्या एसटीत बसले होते.

दुसऱ्या दुपारी कुलूप काढले. उंबऱ्याच्या आत तोच गारवा होता. त्यात दुधाचा आंबूस वास. कड्यांखाली बसले. आवाज सुरू झाला. पाय आपोआप दाराकडे वळले. मी ते पोटाशी घेतले.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. तो थांबतो, हे मला ठाऊकच नव्हते. दर वेळी मी त्याआधीच उठून गेले होते.