शुक्रवारची ड्युटी

अंबरनाथमध्ये शुक्रवारी कंपन्या बंद असतात. आमच्या बुवापाड्यातलं शेंबडं पोरगंही हे सांगेल. शुक्रवारी आमच्याकडे मटण शिजतं, सोयरिकीच्या बैठका होतात. आणि समोरच्या घरातला, इथल्याच कंपनीत कामाला असलेला तो मेला कोर्टात छाती ठोकून सांगतो, "शुक्रवारी दुपारी ड्युटीवरून येत होतो, तेव्हा ह्यानेच सळई मारलेली बघितली."

ह्याने म्हणजे माझ्या धाकट्या भावाने. गल्लीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि नाव आमच्यावर आलं. बघितलं म्हणणारा हा एकटाच. अहो, तो त्या दिवशी सकाळीच बायकोला गाडीवर बसवून बदलापूरला सासुरवाडीला गेला होता! सवय नडली त्याला. थाप मारतानाही ड्युटीच आठवली.

उल्हासनगरच्या कोर्टात मी मागच्या बाकावर होते. म्हटलं, सापडला. पण आमचे वकील म्हणजे काकांनी हट्टाने मुंबईहून आणलेले, त्यांना डोंबलाचं कळणार शुक्रवारचं? ते आमच्या दोन घरांच्या नळावरच्या जुन्या भांडणात घुसले ते घुसलेच. जज दोनदा म्हणाले, मुद्द्यावर या. शेवटी मीच पुढे जाऊन वकिलांच्या कानात सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "शुक्रवारी तुमची कंपनी चालू असते का?"

जज नवीनच बदलून आलेले. ते भडकले. "आधी नळ, आता कंपनीच्या सुट्ट्या! उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराचा छळ नव्हे. प्रश्न नामंजूर. साक्षीदार, तुम्ही जा."

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. त्याला परत बोलवा म्हणून अर्ज केला, तोही फेटाळला. भावाला शिक्षा झाली. अपील पडून आहे. वकिलांचा राग येतो मला, पण जजचा जास्त. एक "नाही" ऐकून घ्यायला असा किती वेळ लागला असता?

आता दर शुक्रवारी तो बनियनवर ओट्यावर बसून चहा ढोसतो. मी मुद्दाम थांबते, मोठ्याने विचारते, "काय भाऊ, आज ड्युटी नाय?" तो मान वळवतो. आई मला दंडाला धरून घरात ओढते. म्हणते, साक्षीदाराला धमकावलं म्हणतील, अपिलाची वाट लावशील.

मागच्या शुक्रवारीही विचारलं. आतून भांडी घासता घासता त्याची बायकोच ओरडली, "शुक्रवारी कसली आलीय ड्युटी? येडी झालीस का गं?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. जज तेवढे नव्हते.