आईच्या वाटणीची अंडी

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या दिवाळीच्या पाडव्यापासून होळीच्या आदल्या दिवसापर्यंत, रोज संध्याकाळी, आमच्याच स्वयंपाकघरात झाला. आणि तो मी केला.

आईला क्षय झाला होता. गोळ्या सरकारी दवाखान्यातून वेळेवर मिळत होत्या; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजारानं तिच्या अंगावरचं मांसच नेलं होतं. मांड्या काठीसारख्या झाल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायला ती उकिडवी बसायची आणि उठताना भिंतीला हात लावायची. डॉक्टर म्हणाले, गोळ्या जंतू मारतील, पण झिजलेलं मांस अन्नातूनच भरून येईल. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध द्या.

मला हे सांगायची गरजच नव्हती. मी चळवळीत काम करतो; आमच्या गटाचं पत्रक मीच लिहिलं होतं. ‘रुग्णाचा घास हिरावणारी व्यवस्था मुर्दाबाद’ अशी त्याची सुरुवात होती. ते मी अमडापूरच्या बाजारात वाटलं आणि मेहकरच्या बसस्टँडवर उभा राहून घसा फाटेस्तोवर वाचलं. घरी रोज दोन अंडी आणायचो आणि आईला बजावायचो, “हे तुझे.”

संध्याकाळी घरी आलो की माझं ताट वाढलेलं असायचं. त्यात अंड्याचा रस्सा.

“तू खाल्ले का?”

“हाव, दुपारीच खाल्ले. काऊन रोज रोज इचारून राह्यला बे?”

दोन अंडी आणली होती, दोन्ही माझ्या रश्श्यात दिसत होती. हा हिशोब पहिलीतल्या पोरालाही जमला असता. मला भूक लागलेली असायची. काही दिवसांनी मी विचारणंही सोडलं. त्या हिवाळ्यात माझी पँट कमरेला घट्ट झाली.

होळीच्या आदल्या दिवशी गावातल्या आशाताई वजनकाटा घेऊन आल्या. आई काट्यावर चढली. चार महिने गोळ्या खाऊनही वजन दिवाळीपेक्षा कमीच भरलं. आशाताईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काकू, खरं सांगा, अंडे कोण खाऊन राह्यलं?”

आई हसली. “पोरगं दिसभर बोंबलत फिरते वो बाई. भाषणाले ताकद नाई लागत का?”

“दादा,” आशाताई म्हणाल्या, “तुमची मातर तब्येत चांगली सुधरली.”

त्यांचं पत्रक-बित्रक काही नव्हतं. एक वजनकाटा होता, आणि तेवढ्यानं माझी पुरती चामडी सोलली.

आईला दोष देऊ नका. आमच्याकडे बाई शेवटी जेवते. पुरुषाच्या ताटात चांगलं ते वाढते आणि स्वतःचं पोट भरल्याचं खोटं सांगते. आजारी पडल्यावर ती ही सवय सोडेल, असं मी गृहीत धरलं होतं. मी मात्र आयतं ताट ओढायची माझी सवय सोडली नव्हती.

होळीच्या दिवसापासून मी तिला आधी वाढायला लागलो. ती माझ्याकडे पाठ करून, चोरी केल्यासारखी जेवायची. “बाहीर जाय बे, असा पाहू नको,” म्हणायची. मी जात नसे. तिचं ताट रिकामं झाल्याशिवाय माझं घेत नसे.

आता गोळ्यांचा कोर्स संपलाय, जंतू गेलेत. वजन थोडं थोडं वाढतंय. पण भिंतीचा आधार अजून सुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. त्यातले चार महिने माझ्या पोटात गेले, हे मला ठाऊक आहे. आईसुद्धा जाणते.

तुमच्या घरात कोणी आजारानं झिजत असेल तर “जेवलीस का?” एवढं विचारून मोकळे होऊ नका. आज तिला तुमच्या आधी ताटावर बसवा, तुमच्या हातानं वाढा, आणि ती जेवून उठेपर्यंत स्वतः घासाला हात लावू नका.