शिलाई विभागात एक नाव जास्त

"मॅडम, शिलाईत एक माणूस जास्त कसा? पगार झालेत त्यापेक्षा तुमचा आकडा एकाने मोठा आहे."

पुण्याहून देशमुख सरांचा फोन. सर आमचे एचआर हेड. आकडा जुळला नाही की त्यांना जेवण जात नाही, आणि मग ते आम्हालाही जेवू देत नाहीत.

मी सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एमआयएस बघते, म्हणजे सगळ्या विभागांचे रिपोर्ट काढते. दर महिन्याचा हेडकाउंट त्यातलाच. लोकांना वाटतं, माणसं मोजायची, त्यात काय एवढं! पण कुठल्या दिवशीची मोजायची? आमच्याकडे महिन्याची अखेरची तारीख धरतात. तोवर जॉइन झालेला आणि काम न सोडलेला प्रत्येक जण मोजायचा. सोडल्याची तारीख रिकामी असली, की कॉम्प्युटरमधलं टूल त्या माणसाला कामावरच धरतं. टूलला दुसरं काही कळत नाही.

फॉर्म्युला तपासला, बरोबर होता. मग महिनाभर एकही हजेरी नसलेली नावं काढली. एकच आलं. रेखा माने.

रेखा कुंभारीची, टॉवेलच्या कडा शिवायची. आदल्या महिन्यात लेकीला स्कूटीवर घेऊन येताना टेम्पोनं उडवलं. रेखा जागीच गेली, लेकीचा पाय चिरडला. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. माझ्या रिपोर्टमध्ये मात्र ती अजून कामावर होती.

शिलाईचे सुपरवायझर अण्णा, मंद्रूपचे. विभागातल्या तारखा तेच भरतात. त्यांच्याकडे गेले.

"अण्णा, रेखाची तारीख भरायची राहिलीय."

"राहिली न्हाय. मीच भरली न्हाय. दिवस झाल्याबिगर आपल्यात नाव काढत न्हाईत, तुमाला ठावं हाय की."

"दिवस होऊन गेले, अण्णा."

अण्णांनी आवाज खाली आणला. "पोरीच्या पायाचं अजून एक आपरेशन हाय. बाप न्हाय तिला. आईचं नाव हितनं काढलं की कंपनीचा विमा बंद. मग कुटं जायचं तिनं? एक आकडा जास्त दिसला तर कुणाचं काय जातंय, सांगा की!"

खरं सांगते, ते नाव तसंच राहू द्यावं असं मलाही वाटलं. पण विम्याची यादी याच हेडकाउंटवरून जाते. गेलेल्या बाईचं नाव त्यात सापडलं असतं, तर पोरीचं आधीचं बिलही अडकलं असतं. मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"पॉलिसी वाचून बघतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने परत फोन आला.

"कामगार वारला तरी घरच्यांचा विमा पॉलिसी संपेपर्यंत चालतो. तशी सोय आहे."

"मग झालंच की, सर!"

"मृत्यूची खबर मुदतीत द्यायला हवी होती. तारीख आणि कारण भरलं, की आपल्याकडून विमा कंपनीला मेल जातो. तारीखच भरली नाही. मुदत मागच्या आठवड्यात संपली."

"पण सगळ्या कारखान्याला माहीत होतं, सर."

"रिपोर्टमध्ये त्या जिवंत होत्या, मॅडम."

सरांनी विमा कंपनीला पुन्हा पुन्हा लिहिलं. तिकडून नम्र भाषेत नकार आला.

अण्णा माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी स्वतः तारीख भरली. मग विचारलं, "येळेवर भरली असती तर झालं असतं का तिचं?"

खोटं बोलायला हवं होतं. ते त्या क्षणी सुचलं नाही. "हो, अण्णा," मी म्हणाले. ते तिथंच खाली बसले. पोटच्या पोरीसाठी रडावं तसं रडले, आणि मी काही करू शकले नाही.

हेडकाउंट जुळला. पोरीचं ऑपरेशन सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये झालं, पण नंबर लागायला फार उशीर झाला. ती आता पाय ओढत चालते.

आता आमच्याकडे कुणी गेलं, की मातीहून आल्या आल्या तारीख भरतात. दिवसांची वाट बघत नाहीत. बायका कुरकुरतात, माणूस अजून निवला नाही तोवर नाव काढलं म्हणतात. अण्णा ऐकून घेतात, तारीख भरतात, आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नाहीत.