भिगवणचं पेट्रोल आणि तात्यांचा ब्लोअर

तात्यांची शर्यतीची मोटार माझ्या बारामतीच्या वर्कशॉपमध्ये आली ती बैलजोडीमागं दोर बांधून. बाजारातून येताना लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. तात्या म्हणजे शेळगावचे बागायतदार. ते स्टीअरिंगवर बसून होते आणि बैल हाकत होता त्यांचा मेहुणा.

"बापूराव, एवढं पेट्रोल पिऊन हिला वैरण लागती बघा," मेहुणा मला म्हणाला.

"तू गप रं," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "म्हैनाभरात पुण्याला शर्यत हाय. तितं मला असं जायचं न्हाय."

मी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळून भोक पडलं होतं. तात्यांकडं सुटा पिस्टन एकच होता. दुसरा हवा तर विलायतेहून बोटीनं यायचा. तोवर शर्यत होऊन गेली असती.

या इंजिनाला ब्लोअर होता. ब्लोअर म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा. पिस्टन वर जाताना ही हवा किती पट दाबली जाते, त्या आकड्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. रेशो वाढवला की जोर वाढतो. पण हवा फार दाबली तर पेट्रोल आपल्या वेळेआधीच भडकतं, आत हातोड्यासारखे ठोके बसतात आणि पिस्टन जातो. ब्लोअर असला की हवा आधीच कोंबलेली असते, म्हणून रेशो कमी ठेवावा लागतो.

मी मोजमाप घेतलं. शेजारच्या शाबूत सिलिंडरचा पिस्टन अगदी वर ठेवला, हेड पुन्हा बसवलं आणि उरलेल्या पोकळीत मापानं तेल ओतलं. चोपन्न सीसी भरलं. पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा व्यापतो ती दोनशे बहात्तर सीसी. बेरीज तीनशे सव्वीस, तिला चोपन्ननं भागलं की जवळपास सहा. तात्यांच्या आधीच्या, पुण्याच्या मेकॅनिकनं रेशो सहाच ठेवला होता आणि पुण्यात गाडी चांगली पळाली होती. मग पिस्टन इथंच का वितळला?

तात्यांच्या ड्रायव्हरला, गणपतला, विचारलं, "टाकीत काय घालतोस?"

"पेट्रोलच की."

"नुसतं?"

"नुसतं कोन घालतंय? डब्यामागं दोन शेर रॉकेल. इहिरीवरच्या इंजिनला घालतोच की आमी. त्याला कदी काय झालं न्हाय."

त्याचं खरं होतं. विहिरीवरचं इंजिन पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं, हा आमच्या भागातला रोजचा रिवाज. पण त्या इंजिनाचा दाब कमी. इथं रॉकेल म्हणजे ठोक्यांना आवतण.

तात्यांनी गणपतला झापलं. मग मला म्हणाले, "आता रॉकेल बंद. सहाच ऱ्हाऊ द्या."

गणपत जिथून पेट्रोल घ्यायचा त्या भिगवणच्या दुकानातला नवा, सीलबंद डबा मी फोडला. कागदावर चार थेंब टाकले. चांगलं पेट्रोल उडून जातं आणि कागद कोरा होतो. हा कागद वाळला तरी तेलकट डाग राहिला.

"दुकानदारबी घालतो व्हय?" तात्या म्हणाले.

"कुणी घातलं ते मला माहीत नाही. पण आहे. मी रेशो सव्वापाचावर आणणार."

"जोर जाईल की!"

"थोडा जाईल. पिस्टन एकच आहे, तात्या."

"गाडी कुनाची हाय?"

"तुमची. सहाच हवा असेल तर हेड तसंच बसवा. पण माझ्या हातानं नाही. दुसरा मेकॅनिक बघा."

तात्या उठून बाहेर गेले. मेहुण्याशी बराच वेळ काही बोलले. परत आले ते एवढंच म्हणायला, "करा काय करायचं ते."

पोकळी दहा सीसीनं वाढवायची होती. साडेतीन मिलिमीटर जाडीची तांब्याची प्लेट कापून हेडखाली बसवली, पिस्टन बदलला, पुन्हा तेल ओतून मोजलं. चौसष्ट सीसी, म्हणजे रेशो सव्वापाच. मग मुद्दाम भिगवणचाच डबा टाकीत ओतला आणि कऱ्हाटीकडच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी नेली. शेजारी तात्या होते. मी कान देऊन ऐकत होतो. ठोका एकही नाही.

"ही आता वासरू झाली," तात्या पुटपुटले.

शर्यतीत गाडी तिसरी आली. तात्या घुश्श्यातच वर्कशॉपवर आले.

"पुन्यात पेट्रोल झ्याक मिळालं. सहा असता तर पयला आलो असतो का न्हाय, खरं सांगा."

"कदाचित आला असता," मी म्हणालो. "येताना पेट्रोल कुठं भरलं?"

"भिगवणला. दुसरं कुठं मिळतंय?"

"आणि गाडी कुठं आहे?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. भिगवणच्या पेट्रोलवर आलेली गाडी बाहेर चालूच होती, ठोका एकही नाही. मागं मेहुणा बसला होता, बैल नव्हते. बाजारातून येताना या वेळी कुणी हसलं नव्हतं.

तात्या गाडीकडं निघाले. जाता जाता म्हणाले, "ती तांब्याची पट्टी ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून कुणीही रेशो विचारला की मी आधी विचारतो, पेट्रोल कुठं भरता? कंपनीच्या आकड्यांचा कॅटलॉग त्यानंतर उघडतो.