वासाची साक्ष

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोच्या लक्षात आली असावी — पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीटसं माहीत नाही.

आधी माझा शौक सांगतो. नोकरीपायी मला सतत विमानानं फिरावं लागतं. विमानतळावरचे ते भारीतले लाऊंज असतात ना — मऊ खुर्च्या, मंद दिवे, हवं ते खा, हवं ते प्या — त्यांच्याबद्दल मी इंटरनेटवर लिहितो. कुठला डोसा ताजा, कुठली बिर्याणी कोरडी, कुठं नुसताच झगमगाट. वाइनबद्दल तर जरा जास्तच लिहितो. वाचणारे म्हणतात, तुमचं नाक फार तिखट आहे.

परभणीजवळ झरी, आमचं गाव. तिथं यातलं कुणालाच काही ठाऊक नाही. तिथं मी शिकलेला, निर्व्यसनी धाकटा. आणि दादा थोरला, पिणारा. घरात ही वाटणी केव्हाच होऊन गेली होती. काचेच्या प्याल्यात घेतली की शौक, आणि गावात घेतली की व्यसन — असं मी कधी बोललो नाही, पण मानत होतो. हो, मानत होतो.

सीमा ही दादाची एकुलती एक मुलगी. तिची सोयरीक जमली त्या दिवशी दादानं दारू सोडली. वहिनी फोनवर सांगायची, "भावजी, लय बदललेत हो. तलफ आली की बडीशेप चघळतेत. पोरीचं कन्यादान सोत्याच्या हातानं करायचं म्हनतेत." मी "वा, वा" म्हणायचो. खरं सांगू? माझा विश्वास बसत नव्हता. कदाचित मला तो बसायला नकोच होता — दादा सुधारला असता तर मी कुणापेक्षा चांगला राहिलो असतो?

बायको आधीच गावी गेली होती. मी लग्नाच्या दिवशी बंगळूरहून निघालो. हैदराबादला विमान बदलून नांदेडला उतरायचं होतं. दोन विमानतळ, दोन लाऊंज — तुलना लिहायला याहून चांगली संधी कुठली? बंगळूरला सकाळीच सुरुवात केली. हैदराबादला बराच वेळ हाताशी होता. मग तिथली लाल, तिथली पांढरी, आणि ठरवता येईना म्हणून पुन्हा लाल. मिरचीचं सालन तर अप्रतिम होतं. पुतणीचं लग्न आहे हे विसरलो होतो का? नव्हतो. संध्याकाळपर्यंत उतरेल असं वाटलं. अंगावर अत्तर मारलं आणि गाडीनं झरीला पोचलो.

गोरज मुहूर्त होता. अक्षता पडल्या. कन्यादानासाठी दादा पाटावर बसायला आला — दिवसभराचा उपाशी, अंगात कोरा सदरा. मी त्याला खेटूनच उभा होतो. तेवढ्यात मामा थबकले. हे आईचे भाऊ. घरात त्यांचाच शब्द चालायचा.

"दारूचा वास यायलाय," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी दादाकडे पाहिलं. "आजच्या दिवशी बी दम निघाला न्हाई का रे?"

"थेंब घेतला न्हाई, मामा. पोरीची आन."

मामा माझ्याकडे वळले. "तू सांग. तू खोटं बोलायचा न्हाईस. येतोय का याच्या तोंडाचा वास?"

वास माझा होता. एवढंच म्हणायचं होतं — मामा, माझा. आणि मी काय केलं? पुढं झालो, दादाच्या तोंडाजवळ नाक नेलं — हो, तेच नाक — आणि हुंगलं. उपाशी माणसाच्या तोंडाचा वास होता. बाकी काही नाही.

"येतोय," मी म्हणालो.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. सीमानं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांत बोभाटा नको म्हणून मामांनी दादाला आत पाठवलं आणि कन्यादानाला मला अन् माझ्या बायकोला बसवलं.

त्याच रात्री दादा प्यायला. मग पीतच राहिला, आणि गेल्या वर्षी गेला. दहाव्याला मामा म्हणाले, "लेकीच्या मांडवात बी पिऊन आल्ता." मी शेजारीच बसलो होतो. सीमा अजून माझ्या पाया पडते. म्हणते, काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं.

दादाला कळलं नसेल, असं समजू नका. मी हुंगायला वाकलो तेव्हा माझं तोंड त्याच्या तोंडासमोर होतं. अर्धं आयुष्य दारूत गेलेला माणूस — त्याला काय कळायचं राहणार? पण तो मामांना एक अक्षर बोलला नाही. आत जाता जाता त्यानं सदऱ्याच्या खिशातली बडीशेप माझ्या मुठीत कोंबली.

"तोंडात टाक," म्हणाला. "जावई जवळ बसनार हाय."

मी बडीशेप तोंडात टाकली आणि त्याच्या पाटावर बसलो.