बंगला नंबर तीनमधले पाहुणे

जमना दूध सोडायला तयार नव्हती आणि माझी बायको दुपारी चारला येणार होती.

शनिवारची सकाळ. जमना ही आमच्या फार्मवरची सर्वांत दुधाळ म्हैस. आदल्या दिवशी तिचं तीन आठवड्यांचं रेडकू हगवणीने गेलं होतं. औषध मीच दिलं होतं, पण उपयोग झाला नाही. गुरांच्या डॉक्टरला अशा वेळी हळहळायला फुरसत नसते. मेलेल्या जनावराचं काम संपलं की जिवंत जनावराचं सुरू होतं.

थोडं समजावून सांगतो. म्हशीच्या कासेत दूध असलं म्हणजे ते बादलीत येतंच असं नाही. ते तिने सोडावं लागतं. रेडकू ढुशा देतं, ती त्याला चाटते, मग कास भरून येते. याला पान्हा म्हणतात. रेडकू गेलं की म्हैस दूध चोरते, म्हणजे आतच धरून ठेवते. एक वेळ चालून जातं. दोन-तीन वेळा तसंच राहिलं तर कास कडक होते, ताप चढतो आणि एखादा सड कायमचा बाद होतो. या दुखण्याला गवळी 'दगडी' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने कासेला हात लावून ठेवलं असणार.

फार्म घोडबंदर रस्त्याला, माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला होता. मालक मुंबईचे एक कापडवाले शेठ. पन्नासेक म्हशी, डझनभर घोडे, भाताची खाचरं, गवताची कुरणं. शेठनी परदेशात कुठेतरी पाहिलं होतं की श्रीमंत माणसं सुट्टी घालवायला गुराढोरांत जाऊन राहतात. परत आल्यावर त्यांनी आंब्यांच्या सावलीत चार बंगले बांधले. आत चिनी मातीचे टब, जाळीच्या मच्छरदाण्या, रॉकेलवर चालणारं थंड कपाट, म्हणजे फ्रिज. शनिवारी मुंबईची कुटुंबं यायची, रविवारी चारच्या ठोक्याला परत जायची. मधल्या वेळात ती दूध काढताना बघत, तट्टावर बसत, भाताची पेंढी हातात धरून फोटो काढून घेत. मात्र शेण, आजारी जनावर, मेलेलं जनावर यांपैकी काहीही पाहुण्यांच्या दृष्टीस पडता कामा नये, हा शेठचा कडक नियम. मी तिथे डॉक्टर होतो आणि मॅनेजरही होतो. खरं सांगायचं तर मी शेण लपवणारा हेडक्लार्क होतो, आणि कामात वाकबगार होतो.

माझी बायको सुमती डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवायची. मुलगी कुंदा सहा वर्षांची. त्या दोघी डोंबिवलीत दोन खोल्यांत, मी इथे. पाहुणे शनिवार-रविवारी येत, म्हणून माझी सुट्टी बुधवारी. सुमतीची रविवारी. बुधवारी दुपारी मी घरी पोचायचो तेव्हा दोघी शाळेत असायच्या. त्या पाचला यायच्या, मी आठला निघायचो. तीन वर्षं आमचा संसार आठवड्याला तीन तास चालत होता. बाकीचे दिवस मी घोड्यांशी बोलत असे. घोडा ऐकून घेतो, पण "जेवलात का?" असं विचारत नाही.

आता शाळेने सुमतीला कायम करायचं ठरवलं होतं. सोमवारी कागदावर सही करायची होती. सही केली की ती डोंबिवलीची झाली. नाही केली तर त्या दोघी फार्मवर राहायला येणार आणि कुंदाला ठाण्याच्या शाळेत घालायचं.

"आधी बघते तरी, कुठे राहायचंय ते," सुमती म्हणाली होती. "मग सोमवारी काय ते ठरवू."

मी शेठना सांगितलं. शेठ दिलदार माणूस. म्हणाले, "डॉक्टर, बंगला नंबर तीन खाली आहे ना? फॅमिलीला तिकडे उतरवा. एकदम गेस्टसारखं ठेवा. काय कमी पडायला नको."

मला केवढा आनंद झाला! कारण माझी स्वतःची खोली डिस्पेन्सरीच्या मागे होती. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. भिंतीपलीकडे आजारी घोड्याचं ठाण. खोलीला टिंक्चर आणि घोड्याच्या मुताचा वास यायचा. तिथे सुमतीला न्यायची मला लाज वाटत होती. म्हटलं, आधी जागा आवडू दे, खोलीचं मागाहून बघू.

तर जमना. गोठ्याचा मुख्य धर्मा पाटील. माजिवड्याकडचाच, आधी मिठागरात काम केलेला, साठीचा. अशा वेळी करायचा एक जुना उपाय त्याला येत होता. मेलेल्या रेडकाचं कातडं मीठ लावून ठेवायचं, त्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीपुढे उभं करायचं. ती त्याला हुंगते, चाटते आणि पान्हा सोडते. ऐकायला क्रूर वाटेल. पण काही तबेल्यांत यापेक्षा फार वाईट उपाय चालत, ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

दुपारपर्यंत धर्माने रेडकू तयार केलं. मी ते पाहिलं, त्याचा वास घेतला आणि घड्याळ पाहिलं. तासाभरात पाहुणे येणार. एक नंबरमध्येही एक कुटुंब उतरणार होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी फिनेलची बाटली आणली आणि ते रेडकू आतून-बाहेरून स्वच्छ पुसून काढलं. गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात जमनाला बांधलं, पुढे गोणपाटाचा पडदा लावला. धर्मा बघत उभा होता.

चारला गाडी आली. सुमतीने निळं लुगडं नेसलेलं, कुंदाच्या वेण्यांना नव्या रिबिनी. मी पुढे झालो, दार उघडलं आणि म्हणालो, "या, या. प्रवास कसा झाला?"

सुमती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, डोंबिवलीहून आलोय आम्ही."

मला दुसरं बोलता येत नव्हतं असं नाही. पण त्या दाराशी उभं राहिलं की तोंडातून तेच वाक्य निघायचं. मी त्यांना तीन नंबरमध्ये नेलं, टब दाखवला, कपाट दाखवलं. साडेचारला चहा, पाचला तट्टू, सहाला दूध काढणं, आठला जेवण. प्रोग्रॅम मी हुबेहूब पाळला. फक्त माझाच पत्ता नव्हता, कारण दर अर्ध्या तासाने मी पडद्यामागे जात होतो.

सहाला पाहुण्यांसमोर एका शहाण्या म्हशीचं दूध काढलं. कुंदाने पेला तोंडाला लावला, ओठांवर फेसाची मिशी आली. ती हसली. सुमतीने मला विचारलं, "त्या गोणपाटामागे काय आहे?"

"काही नाही. सामान."

"तुमची खोली कुठेय?"

"त्या बाजूला. उद्या दाखवतो. जरा पसारा आहे."

पडद्यामागे जमनाने पेंढ्याच्या रेडकाला एकदा हुंगलं आणि मान फिरवली. थेंब नाही. कास तापायला लागली होती. मी कोमट पाण्याचा शेक दिला, चोळलं, आमिष म्हणून पेंडीचं घमेलं पुढे ठेवलं. तिने पेंड खाल्ली आणि दूध चोरलं. त्या रात्री मी बंगल्यात गेलोच नाही. तीन वर्षांनी माझी माणसं माझ्यापासून दोनशे पावलांवर झोपली होती आणि मी म्हशीच्या पाठीला टेकून बसलो होतो. इतकं एकटं मला एकटा असतानाही कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी टेंपरेचर एकशे चार. मागचा डावा सड कडक. मी गुडघ्यांवर बसून शेक देत होतो. तेवढ्यात गोणपाट बाजूला झालं आणि सुमती आत आली. तिने म्हैस पाहिली, पेंढ्याचं रेडकू पाहिलं, माझा अवतार पाहिला.

"हे सामान होय?" ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. "तू इकडे कशी? तट्टूवाला आला नाही का?"

तिने रेडकाकडे बघत विचारलं, "हिचं होतं?"

"हो. शुक्रवारी गेलं."

"मग काल सांगितलं का नाहीत?" असं म्हणून तिने पदर खोचला आणि कोपऱ्यातली गरम पाण्याची बादली उचलली. "कुठे ओतू?"

आता या जागी कोणताही शहाणा नवरा म्हणाला असता, इकडे ओत. मी म्हणालो, "अगं ठेव ते. लुगडं खराब होईल. पाहुण्यांनी इकडे यायचं नसतं." आणि हाक मारली, "धर्मा, बाईंना बंगल्यावर सोडून ये."

सुमतीने बादली होती तिथेच ठेवली. पदर सोडला. "येते," म्हणाली आणि धर्माच्या पुढे चालायला लागली.

धर्मा परत आला. मी त्याला म्हटलं, "काय करू या रे हिचं? रेडकू नीट बनलंय, तरी मान फिरवते."

"नीट कंचं?" धर्मा एकदम तडकला. "फिनेल लावलाव तुमी. म्हस काय डोल्यांनी बघतं? नाकानं बघतं. त्याचा वास व्हता त्यो तुमी धुवून टाकलाव. आता तिला त्या इस्पितलाची बाटली वाटतं."

"मग काल का नाही बोललास?"

"तुमी डॉक्टर हाव." मग तो म्हणाला, "बाईंनी पदर खोचला व्हता. त्यांना पन परत धाडलाव."

सुमतीने ठेवलेली बादली मी कासेशी ओढून घेतली.

धर्माने ज्या गोणत्यावर ते रेडकू झोपायचं ते गोणतं शोधून काढलं. कोणी अजून धुतलं नव्हतं, हे नशीब. ते पेंढ्यावर पांघरलं, वर जमनाचंच थोडं मूत शिंपडलं, मिठाचं पाणी लावलं. मग आम्ही वाट बघत बसलो. अशा वेळी घाई करून चालत नाही. दोन वाजले. अडीच वाजले. मधे एकदा मनात आलं, उठावं, सुमतीला हात धरून माझ्या खोलीत न्यावं, म्हणावं, ही खाट, हा स्टोव्ह, हा वास. जमत असेल तर ये. पण जमनाने गोणत्याला नाक लावलं होतं आणि आता हललो तर ती बिथरेल अशी भीती होती. निदान स्वतःला मी तसं सांगितलं. खरं तर धर्मा एकटा तिला सांभाळू शकला असता.

सव्वातीनला ती चाटायला लागली. खालून वर, खालून वर, खरखरीत जिभेने. मग ती हलकेच हुंकारली. धर्माने सडाला हात घातला आणि पहिली धार बादलीत वाजली. चार शेर दूध निघालं. डावा सड मी पिळून मोकळा केला. धर्मा आणि मी, दोघंही म्हाताऱ्या बायकांसारखे डोळे पुसत होतो.

तेवढ्यात चारचे ठोके पडले.

मी धावत सुटलो. गाडी चालू होती. एक नंबरमधलं कुटुंबही तिच्यातूनच ठाणे स्टेशनला निघालं होतं, म्हणजे बोलायची सोय नव्हती. सुमती खिडकीशी बसली होती. माझ्या हातांना कोपरापर्यंत दूध आणि शेण.

"म्हैस?" तिने विचारलं.

"वाचली."

"बरं झालं." ती मनापासून म्हणाली. तिचा स्वभावच तसा. "काळजी घ्या."

"सुमती, ती खोली..."

ड्रायव्हरने गिअर टाकला. कुंदा हात हलवत ओरडली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही पण या हं राहायला!"

पाहुणे निघताना त्यांच्यापुढे अभिप्रायाची वही ठेवायची पद्धत होती. खानसाम्याने सवयीने ती सुमतीपुढेही ठेवली होती. मंगळवारी शेठ आले, वही चाळली आणि मोठ्याने हसले. "डॉक्टर, तुमची मिसेस मोठी जोक करते हां!"

मी वही घेतली. शाळेतल्या फळ्यावर असतं तसं वळणदार अक्षर. "व्यवस्था उत्तम. जेवण रुचकर. मुलीस तट्टू फार आवडले. डॉक्टरसाहेबांची भेट झाली असती तर बरे वाटले असते."

सही तिने सोमवारीच केली होती, शाळेच्या कागदावर. बुधवारी मी गेलो तेव्हा तिने चहा दिला, जमनाची चौकशी केली. मी म्हटलं, "चूक झाली." ती म्हणाली, "चूक कसली? तुम्हाला पाहुणेच ठेवता येतात." भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर अकरा वर्षं मी तिथे काढली. बुधवारच्या त्याच तीन तासांच्या संसारावर.

मी सोडताना जो नवा मॅनेजर आला, त्याची बायकोही जागा बघायला येणार होती. त्याने बंगला मागितला. मी दिला नाही. कारण विचारलं तर सांगितलं, नियम आहे. तो माझ्यावर चांगलाच भडकला, बायकोला थेट त्या डिस्पेन्सरीमागच्या खोलीत घेऊन गेला. तिने नाकाला पदर लावला, घोड्याच्या नावाने बोटं मोडली, नवऱ्याचा उद्धार केला. संध्याकाळी मी औषधांचा चार्ज द्यायला गेलो, तर तिने खाट उचलून दुसऱ्या भिंतीला लावली होती आणि स्टोव्हवर भात शिजत होता.